दोन दशलक्षांश सेकंदांचे आयुष्य

१९ जुलै १९४३ रोजी दोस्त राष्ट्रांच्या विमानांनी रोम शहरावर बॉम्बवर्षाव केला. सान लोरेन्झो ही कष्टकऱ्यांची वस्ती त्यात उद्ध्वस्त झाली आणि लगतच्या विद्यापीठाच्या आवारातही बॉम्ब पडले. त्या विद्यापीठाच्या भौतिकी संस्थेत मार्चेल्लो कोन्व्हेर्सी आणि ओरेस्ते पिच्चोनी हे दोन तरुण संशोधक एक प्रयोग उभारीत होते. त्यांनी आपली उपकरणे तेथून हलविली आणि व्हॅटिकनच्या जवळ असलेल्या 'व्हर्जिलिओ' नावाच्या माध्यमिक शाळेत नेऊन मांडली. पोपच्या निवासाजवळ बॉम्ब पडण्याचा संभव कमी, एवढाच त्यामागील हिशेब होता. सप्टेंबरात जर्मन सैन्याने रोमचा ताबा घेतला. शहर ४ जून १९४४ रोजी मुक्त झाले. मधल्या काळात, उपासमार, धरपकड आणि संचारबंदी चालू असताना, त्या शाळेत हे दोघे एका मूलकणाचे आयुष्य मोजीत होते.

आमचा विषय इतिहास आहे, भौतिकशास्त्र नव्हे. परंतु शाळेच्या स्मरणिकेत शाळेच्या छपराखाली झालेल्या एका प्रयोगाची हकिकत यावी, हे आम्हांस सयुक्तिक वाटते. शिवाय ज्या कणाविषयी ही हकिकत आहे, तो कण आपणां सर्वांच्या शरीरांतून अखंड आरपार जात असतो. त्याचे नाव म्यूऑन. आपला तळहात आकाशाकडे उताणा धरला, तर दर सेकंदाला साधारण एक म्यूऑन त्यातून निघून जातो. छप्पर पत्र्याचे आहे की सिमेंटचे, याने त्याला फारसा फरक पडत नाही.

हे म्यूऑन येतात कोठून? अवकाशातून विश्वकिरण पृथ्वीवर सतत आदळत असतात. त्यांत मुख्यत्वे प्रोटॉन असतात. वातावरणाच्या वरच्या थरात, सुमारे पंधरा किलोमीटर उंचीवर, हे प्रोटॉन हवेतील अणुकेंद्रांवर आदळतात आणि त्या टकरीतून पायॉन नावाचे कण उत्पन्न होतात. पायॉन जवळजवळ जन्मताच मोडतो व त्यातून म्यूऑन बाहेर पडतो. म्यूऑन हा इलेक्ट्रॉनचा थोरला भाऊ म्हणावा असा आहे. विद्युतभार तेवढाच, परंतु वस्तुमान सुमारे २०७ पट. तोही टिकत नाही. सरासरी २.२ मायक्रोसेकंदांनी, म्हणजे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाच्या सव्वादोन पटीहूनही किंचित कमी अवधीत, त्याचा क्षय होतो. मागे एक इलेक्ट्रॉन राहतो, आणि दोन न्यूट्रिनो कोणाच्याही हाती न लागता निघून जातात.

क्षय हा शब्द येथे जपून समजून घ्यावा लागतो. माणूस झिजतो, यंत्र झिजते. म्यूऑन झिजत नाही. कल्पना करा की वसतिगृहाच्या प्रांगणात ६४ मुले उभी आहेत. शिट्टी वाजताच प्रत्येकाने नाणे उडवायचे. छापा पडला तर बाहेर जायचे, काटा पडला तर थांबायचे. पहिल्या फेरीनंतर अंदाजे ३२ उरतील, मग १६, मग ८. पाच फेऱ्या तगून राहिलेला मुलगा दमलेला नसतो, की 'आता याची पाळी' असेही नसते. सहाव्या फेरीत त्याची शक्यता पहिल्या फेरीइतकीच असते. म्यूऑनांच्या बाबतीत अशी एक फेरी साधारण दीड मायक्रोसेकंदाची धरावी. एक विशिष्ट म्यूऑन केव्हा नष्ट होईल, हे कोणीही सांगू शकत नाही. हजारो म्यूऑनांची घटती संख्या मात्र नेमकी सांगता येते. म्हणूनच आयुष्य मोजण्यासाठी एका कणावर नजर ठेवून भागत नाही. पुष्कळ कणांची मोजदाद करावी लागते, आणि त्यासाठी चिकाटी लागते.

मोजदादीचे साधन होते गायगर नलिका. धातूची एक नळी, तिच्या मधोमध ताणलेली बारीक तार, आत विरळ वायू आणि तार व नळी यांमध्ये हजारभर व्होल्टचा दाब. विद्युतभारित कण आत शिरला की तो वाटेतील वायूच्या अणूंतून इलेक्ट्रॉन उडवितो. ते तारेकडे धावताना आणखी इलेक्ट्रॉन उडवितात आणि तारेत विजेचा एक ठोका उमटतो. पण नुसत्या ठोक्यावरून काय गेले, कोणीकडून गेले, हे कळत नाही. भिंतीतील किरणोत्सर्गही ठोके देतो.

या अडचणीवरचा उपाय ब्रुनो रोसी या इटालियन शास्त्रज्ञाने १९३० साली फ्लॉरेन्समध्ये शोधला होता. त्यावेळी त्यांचे वय जेमतेम पंचवीस होते. नळ्या एकाखाली एक ठेवायच्या आणि असे मंडल जोडायचे की सर्व नळ्यांत एकाच क्षणी ठोका पडला तरच नोंद व्हावी. वरून खाली सरळ गेलेला कणच ही अट पुरी करू शकतो. आजच्या भाषेत सांगायचे, तर हे मंडल 'आणि, आणि, आणि' असे तर्काने विचारते. पुढे गणकयंत्रांच्या बांधणीत हाच विचार पायाभूत ठरला.

रोसींचे पुढे काय झाले, हे सांगितल्यावाचून आम्हांस पुढे जाववत नाही. पादुआ विद्यापीठात ते प्राध्यापक झाले. तेथील भौतिकी संस्थेची नवी इमारत त्यांच्या देखरेखीखाली उभी राहिली. १९३८ साली फॅसिस्ट सरकारने वंशविषयक कायदे केले आणि रोसी ज्यू असल्यामुळे त्यांना त्याच संस्थेतून काढून टाकण्यात आले. जन्म हाच अपराध ठरविणारा कायदा म्हणजे काय, हे या स्मरणिकेच्या वाचकांना निराळे समजावून सांगावयास नको. रोसी कोपनहेगन, मँचेस्टर असे करीत अमेरिकेस पोहोचले.

अमेरिकेत त्यांनी डोंगरावर आणि डोंगराच्या पायथ्याशी म्यूऑन मोजले. येथे एक कोडे होते. प्रकाशाच्या वेगाने धावले तरी २.२ मायक्रोसेकंदांत जेमतेम ६६० मीटर अंतर कापता येते. पंधरा किलोमीटरसाठी पन्नास मायक्रोसेकंद लागतात. साध्या हिशेबाने एक अब्ज म्यूऑन निघाले, तर त्यांतील एकही जमिनीवर पोहोचण्याची आशा धरता येत नाही. प्रत्यक्षात तर ते आपल्या तळहातावर पडत असतात. उत्तर आइन्स्टाइनच्या सापेक्षता सिद्धांतात होते. प्रकाशाच्या वेगाच्या अगदी जवळ गेलेल्या कणाचे घड्याळ आपल्या दृष्टीने मंद चालते, म्हणून त्याचे आयुष्य आपल्याला लांबलेले दिसते. रोसी आणि डेव्हिड हॉल यांनी १९४१ साली डेन्व्हर शहर आणि ३,२४० मीटर उंचीवरील एको लेक येथील नोंदींची तुलना करून दाखविले की तुलनेने मंद म्यूऑन वाटेत अधिक नष्ट होतात आणि वेगवान म्यूऑन कमी. काळाचे मंदावणे ही तोपर्यंत कागदावरची गोष्ट वाटत असे. आता ते डोंगराच्या उतारावर मोजता आले.

धावत्या म्यूऑनचे आयुष्य असे लांबते, म्हणून त्याचे खरे आयुष्य मोजायचे तर त्याला थांबविले पाहिजे. रोमच्या शाळेत कोन्व्हेर्सी आणि पिच्चोनी यांनी हेच केले. वरच्या नळ्यांतून कण आला, परंतु लोखंडाच्या थराखालील नळीत पोहोचला नाही, म्हणजे तो लोखंडात अडकला. आता वाट पाहायची. काही क्षणांनी जवळच्या दुसऱ्या नळीत ठोका पडला, तर तो क्षयातून निघालेला इलेक्ट्रॉन. एक मायक्रोसेकंद उशिराने किती ठोके पडले, दोन मायक्रोसेकंदांनी किती, तीनने किती, याची नोंद करीत गेले की प्रांगणातील मुलांसारखी उतरती रांग मिळते, आणि त्या उतारावरून आयुष्य काढता येते. कोणतेही घड्याळ याला पुरे पडत नाही. इतका अल्प विलंब ओळखणारी मंडले त्यांनी स्वतः जुळविली होती.

उत्तर आले २.३३ मायक्रोसेकंद, त्रुटीची मर्यादा ०.१५. तिकडे अमेरिकेत, कॉर्नेल विद्यापीठात, रोसी आणि नॉरिस नेरेसन यांनी हीच गोष्ट मोजली होती व त्यांचे उत्तर होते २.१५, त्रुटी ०.०७. युद्धामुळे रोमला या कामाची वार्ताच पोहोचली नव्हती. एक मोजणारा देशातून हाकलला गेलेला, दुसरे दोघे त्याच देशात परकी फौजांच्या पहाऱ्याखाली. तरी दोन्ही आकडे त्रुटीच्या मर्यादेत एकमेकांशी जुळले. आजचा मान्य आकडा २.१९७ आहे. इतिहासाच्या साधनांत आम्ही एकाच घटनेचे दोन वृत्तांत नेहमी पाहतो आणि ते क्वचितच इतके जुळतात.

शहर मुक्त झाल्यावर एत्तोरे पांचिनी त्यांना येऊन मिळाले. ते उत्तर इटलीत फॅसिस्टविरोधी प्रतिकारलढ्यात होते. तिघांनी मिळून एक खोलवरचा प्रश्न सोडविला. जपानी शास्त्रज्ञ हिदेकी युकावा यांनी १९३५ साली अणुकेंद्राला बांधून ठेवणाऱ्या एका कणाचे भाकीत केले होते. त्यानंतर अँडरसन आणि नेडरमायर यांना विश्वकिरणांत जवळपास तेवढ्याच वस्तुमानाचा कण सापडला, आणि हाच तो कण असे सर्वांनी धरून चालले. तसे असते, तर पदार्थात थांबलेला ऋणभारित कण क्षय होण्याआधीच अणुकेंद्राने गिळला असता. लोखंडात तसे दिसले. परंतु लोखंडाच्या जागी कार्बन ठेवताच ऋणभारित कणही निवांत क्षय पावू लागले. याचा अर्थ या कणाला अणुकेंद्राशी फारसे देणेघेणे नाही. युकावांचा कण हा नव्हे. हा निष्कर्ष १९४७ साली प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी ब्रिस्टल येथे पॉवेल, लॅटेस आणि ओक्कियालिनी यांना खरा युकावा-कण, म्हणजे पायॉन, सापडला. लुइस अल्व्हारेझ यांनी १९६८ च्या आपल्या नोबेल व्याख्यानात आधुनिक कणभौतिकीचा आरंभ या रोममधील प्रयोगापासूनच धरला आहे.

ब्रिस्टलच्या शोधाची पद्धत छायाचित्राच्या काचांची होती. कण काचेवरील लेपातून गेला की काळ्या ठिपक्यांची रेघ उमटते. याच पद्धतीने त्यांच्या कितीतरी आधी कलकत्त्यात देबेंद्र मोहन बोस आणि बिभा चौधुरी काम करीत होते. दार्जिलिंग, संदकफू आणि तिबेटातील फारी जोंग येथे त्यांनी काचा उंचावर ठेवल्या आणि रेघांवरून कणाचे वस्तुमान इलेक्ट्रॉनच्या सुमारे दोनशे पट असल्याचे काढले. त्यांचे निबंध १९४० ते १९४२ या काळात 'नेचर' या नियतकालिकात आले. अधिक संवेदनक्षम लेपाच्या काचा युद्धकाळात भारतात मिळेनात आणि काम थांबले. पुढे तशा काचा हाती असलेल्या पॉवेल यांना १९५० चे नोबेल पारितोषिक मिळाले. पॉवेल यांनी आपल्या ग्रंथात या दोघांच्या आधीच्या कामाची नोंद घेतली आहे, हे त्यांच्या प्रामाणिकपणाचे लक्षण म्हटले पाहिजे. तथापि काच कोणाच्या वाट्याला येते, यावर शोध कोणाच्या नावावर लागतो हे ठरते, असे आमचे स्पष्ट मत आहे. बिभा चौधुरी १९४९ साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाल्या. तेथील त्या पहिल्या महिला संशोधक. २०१९ साली एका ताऱ्याला 'बिभा' हे नाव देण्यात आले. तोवर त्यांच्या निधनाला २८ वर्षे झाली होती.

याच संस्थेने कोलारच्या सोन्याच्या खाणीत म्यूऑन मोजण्यास प्रारंभ केला. जितके खोल जावे तितके म्यूऑन कमी होत जातात, कारण वरचा खडक त्यांना अडवितो. सुमारे पावणेतीन किलोमीटर खोलीवर दोन महिने वाट पाहूनही एकही म्यूऑन नोंदला गेला नाही. हे अपयश नव्हते. इतक्या शांत जागी दुसऱ्या कोणाची चाहूल लागू शकेल, हे त्यावरून उमगले. १९६५ साली २.३ किलोमीटर खोलीवर भारतीय, ब्रिटिश आणि जपानी संशोधकांच्या उपकरणांतून जवळजवळ आडवे धावणारे म्यूऑन गेले. वरून आलेले म्यूऑन तेथे पोहोचूच शकत नव्हते. तेव्हा हे खडकात न्यूट्रिनोच्या टकरीतून जन्मलेले असले पाहिजेत. वातावरणात जन्मलेल्या न्यूट्रिनोची ही पहिली खूण. त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेच्या एका सोन्याच्या खाणीतही दुसऱ्या गटाला तीच खूण मिळाली.

दोन्ही ठिकाणची ती खोली कोणाच्या श्रमांतून निर्माण झाली, हेही नोंदविले पाहिजे. कोलारच्या खाणीत उतरणारे मजूर बहुसंख्येने तमिळ मुलखातून आलेले आदिद्रविड होते आणि दक्षिण आफ्रिकेत वर्णद्वेषी राजवटीखालील कृष्णवर्णीय. शोधनिबंधाच्या शीर्षाखाली खडक फोडणाऱ्यांची नावे घालण्याचा प्रघात नाही.

आज तमिळनाडूतील उटी येथे टाटा संस्थेच्याच प्रयोगशाळेत ३,७१२ नळ्या ओळीने मांडलेल्या आहेत. सहा सहा मीटर लांबीचे पोलादी चौकोनी नळ, आत वायू आणि मधोमध एक बारीक तार. गायगर नलिकेचीच ही भावंडे. १ डिसेंबर २०१४ रोजी डोंगरावर वादळी ढग आला आणि त्यांच्या नोंदीतील म्यूऑनांची संख्या काही मिनिटे सुमारे दोन टक्क्यांनी घटली. ढगातील विद्युतदाबाने धन आणि ऋण म्यूऑनांच्या ऊर्जेत फेरफार केला होता. त्या घटीवरून संशोधकांनी मागे हिशेब करीत ढगातील दाब काढला. तो १३० कोटी व्होल्ट भरला. ढगात फुगे आणि विमाने पाठवून याआधी जे मोजले गेले होते, त्याच्या तो कित्येक पट अधिक होता.