सीव्हीटी गिअरबॉक्स बिघडला? 'पूर्ण बदला'ला लगेच हो म्हणू नका

ऑटोमॅटिक कार झटके द्यायला लागली, किंवा अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर इंजिनाचा आवाज वाढतो पण गाडी वेगच घेत नाही, तर गॅरेजमध्ये अनेकदा थेट सांगतात, "गिअरबॉक्स बदलावा लागेल." हा खर्च लाखांत जाऊ शकतो. म्हणून आधी आत काय असतं ते बघू.

सीव्हीटी चालतो कसा?

अ‍ॅक्टिव्हाला गिअर टाकावे लागत नाहीत, कारण तिच्यात सीव्हीटीच असतो: दोन पुली आणि त्यांवर फिरणारा रबरी बेल्ट. पुलीच्या दोन बाजू जवळ-लांब सरकतात, तसा बेल्ट वर-खाली होतो आणि गिअर रेशो सलग बदलत राहतो. कारमध्ये तत्त्व तेच, पण बेल्ट किंवा चेन स्टीलची असते आणि तेलाच्या दाबाने पुली तिला घट्ट पकडते. हा दाब सोलेनॉइड व्हॉल्व्ह सांभाळतात आणि त्यांना आदेश देतो टीसीएम हा छोटा कॉम्प्युटर.

दाब कमी पडला की बेल्ट घसरतो. पण दाब का कमी पडला, यावर सगळा खर्च ठरतो.

काय तपासून घ्याल?

१. एरर कोड: स्वस्त ब्लूटूथ ओबीडी स्कॅनरवर पी०७०० दिसला, तर त्याचा अर्थ फक्त एवढाच की टीसीएममध्ये बिघाडाची नोंद आहे. खरा कोड टीसीएम वाचू शकणाऱ्या स्कॅनरवरच दिसतो.

२. तेल: ते कमी आहे का, जळकट वास येतोय का, हे बघा. सीव्हीटीला कंपनीने सांगितलेलंच तेल लागतं. साधं एटीएफ टाकलं तर बेल्ट घसरू शकतो.

३. व्हॉल्व्ह बॉडी, सोलेनॉइड, सेन्सर: बिघाड इथेच असेल, तर बऱ्याच गाड्यांत तेवढाच भाग बदलता येतो.

४. ऑइल पॅन: चुंबकावर बारीक राखाडी थर असणं नॉर्मल आहे. धातूचे तुकडे किंवा चकचकीत कपच्या दिसल्या, तर बेल्ट-पुली खराब झाल्याची शक्यता मोठी.

मग बदलायचा कधी?

बेल्ट आणि पुली दोन्ही खरवडल्या असतील, तर त्यांचा कीस तेलाबरोबर सगळीकडे फिरलेला असतो. अशा वेळी नुसता बेल्ट टाकून भागत नाही. पूर्ण युनिट बदलणं किंवा अनुभवी माणसाकडून रीबिल्ड करून घेणं, हेच दोन पर्याय उरतात. सोबत तेलाचा कूलरही साफ करायला किंवा बदलायला सांगा, नाहीतर उरलेला कीस नव्या युनिटमध्ये जाईल. शेवटी स्कॅनरने कॅलिब्रेशन करावं लागतं. ते राहिलं, तर नवा गिअरबॉक्सही झटके देऊ शकतो.

तोपर्यंत घसरणारी गाडी रेटत राहू नका. प्रत्येक घसरण पुलीवर ओरखडे पाडते, आणि व्हॉल्व्हवर भागणारं काम पूर्ण गिअरबॉक्सवर जातं. गाडी हलवायची असेल तर फ्लॅटबेडवरूनच न्या.

गॅरेजमध्ये तीन गोष्टी मागा: टीसीएमच्या कोडचा फोटो, ऑइल पॅनचा फोटो आणि लेखी वॉरंटी. पहिल्या दोन बघितल्याशिवाय 'पूर्ण बदला'ला होकार देऊ नका.