खुल्या नियमावलीचा पेच

२०२५ च्या दसरा-दिवाळीत झोहो कंपनीच्या ‘अरट्टई’ या संदेश-अ‍ॅपचा जो बोलबाला झाला, त्यात झोहोचे संस्थापक श्रीधर वेम्बू यांनी मांडलेला विचार त्या अ‍ॅपपेक्षाही मोलाचा होता: यूपीआय किंवा ईमेलप्रमाणे एका अ‍ॅपवरचा संदेश दुसऱ्यावर बिनदिक्कत पोहोचावा, कोणाचाच मक्ता राहू नये. रावेर-यावलच्या केळीचा रोजचा भाव जेथे व्हॉट्सअ‍ॅपवरूनही फिरतो, त्या खानदेशाने याचे स्वागतच करावयास हवे.

परंतु संदेशांची देवाणघेवाण ठरवणारी अशी खुली नियमावली (प्रोटोकॉल) यापूर्वीही होती. १९९९ मध्ये जेरेमी मिलर यांनी जाहीर केलेल्या ‘जॅबर’मधून एक्सएमपीपी हे खुले मानक निघाले, गूगल टॉकने २००५ मध्ये ते अंगीकारले आणि गूगलने २०१३ पासून त्याकडे पाठ फिरवली. त्या नियमावलीला आज चारशेंहून अधिक पुरवण्या जोडलेल्या असून, कोणती पाळावी व कोणती सोडावी याची मुभा ज्याची त्याला असल्यामुळे, दोन प्रामाणिक प्रोग्रामरांची अ‍ॅप्सही कित्येकदा एकमेकांशी धड बोलत नाहीत.

२०१४ च्या ‘मॅट्रिक्स’ या दुसऱ्या खुल्या नियमावलीची अडचण याहून खोल आहे. यूपीआयला एनपीसीआयसारखी मध्यवर्ती संस्था आहे. मॅट्रिक्समध्ये असा मध्यस्थच नाही. समजा, एका गटाचा एक सर्व्हर जळगावात आणि दुसरा धुळ्यात आहे. वाटेतल्या पारोळ्याजवळ तार तुटली असता जळगावच्या अ‍ॅडमिनने एका सदस्याची हकालपट्टी केली आणि त्याच वेळी धुळ्याच्या अ‍ॅडमिनने त्यालाच अधिकार बहाल केले, तर तार जुळल्यावर कोणाचे खरे धरावयाचे? दोन्ही सर्व्हरांनी, तिसऱ्या कोणालाही न विचारता, एकाच फैसल्यावर यावे लागते. आणि हा फैसला करणारे सूत्र इतके सूक्ष्म आहे, की त्यातील दोष दूर करण्यासाठी खुद्द त्याच्या कर्त्यांना २०२५ च्या ऑगस्टमध्ये गटनियमांची बारावी आवृत्ती काढावी लागली.

‘सिग्नल’ या संदेश-अ‍ॅपचे कर्ते मॉक्सी मार्लिनस्पाइक यांनी २०१६ मध्येच, अशी विकेंद्रित व्यवस्था काळाबरोबर बदलू शकत नाही, असे सांगून ती वाट नाकारली होती. त्यांचे निदान मला मान्य आहे, निष्कर्ष नाही. शिरपूर किंवा बांभोरीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्याला जी नियमावली एका सत्रात समजून घेऊन चालवता येत नाही, ती कागदावर कितीही खुली असली, तरी व्यवहारात बड्या कंपन्यांचीच जहागीर ठरते. म्हणून वेम्बूंच्या विचारानुसार भारतात अशी नियमावली होणार असेल, तर तिच्या मसुद्याचा गाभा लहान आणि सक्तीचा असावा, ऐच्छिक कलमे कमीत कमी असावीत, एन्क्रिप्शनच्या किल्ल्यांसाठी २०२३ चे एमएलएस हे तयार मानकच घ्यावे, आणि अंमलबजावणी पारखण्याच्या चाचण्या मसुद्याबरोबरच मोफत प्रसिद्ध कराव्यात. एवढे झाल्याखेरीज त्या मसुद्याला खुला म्हणू नये.