टांगते ध्वनिग्राहक

जाहीर संगीतसभेचे ध्वनिमुद्रण करण्यासाठी वादकांच्या वर तारांनी टांगलेले ध्वनिग्राहक म्हणजेच मायक्रोफोन. पाश्चात्त्य वाद्यवृंदाच्या मुद्रणात ही पद्धत विशेष रूढ आहे. उभ्या दांड्यांमुळे श्रोत्यांच्या दृष्टीला होणारा अडथळा तिच्यामुळे टळतो; तथापि तिचे मुख्य कारण ध्वनिकीय आहे.

वाद्यांच्या पातळीवर ठेवलेल्या ध्वनिग्राहकापासून व्हायोलिने १ मी. व सुषिर वाद्ये ७ मी. अंतरावर असल्यास, सारख्याच तीव्रतेच्या वादनात सरळ येणाऱ्या ध्वनींच्या पातळ्यांत सु. १७ डेसिबेलांचा फरक पडतो. तोच ध्वनिग्राहक ३ मी. वर नेला, तर ही अंतरे अनुक्रमे सु. ३.२ मी. व ७.६ मी. होतात आणि फरक ८ डेसिबेलांहून कमी होतो. उंची याहून फार वाढविल्यास मात्र भिंती व छत यांवरून परावर्तित झालेल्या ध्वनीचे प्रमाण वाढून वाद्यांची स्पष्टता उणावते.

अमेरिकेतील मर्क्युरी कंपनीने १९५१ मध्ये शिकागो सिंफनी वाद्यवृंदाचे मुद्रण संचालकाच्या वर टांगलेल्या एकाच ध्वनिग्राहकाने केले. लंडनच्या डेका कंपनीच्या अभियंत्यांनी १९५४ च्या सुमारास सर्व दिशांचा ध्वनी घेणाऱ्या तीन ध्वनिग्राहकांची त्रिकोणी मांडणी सिद्ध केली. ‘डेका ट्री’ या नावाने ती प्रसिद्ध असून सामान्यतः संचालकाच्या वर सु. ३ मी. उंचीवर ठेवतात.

टांगणीचा भार विद्युत् केबलीवर कधीही पडू देत नाहीत. तो पोलादी तारेने पेलला जातो व एक आधार तुटल्यास उपयोगी पडावी म्हणून दुसरी स्वतंत्र तार जोडतात. खाली वादक व श्रोते बसलेले असल्याने ही दक्षता अनिवार्य ठरते. बाजूंनी ताणलेल्या बारीक दोऱ्यांमुळे ध्वनिग्राहक वाऱ्याच्या झोताने हलत किंवा फिरत नाही. दिव्यांच्या विद्युत् वाहिन्यांपासून केबल दूर ठेवल्यास गुणगुण टळते.

रिकाम्या सभागृहात निनाद, म्हणजे वादन थांबल्यावरही रेंगाळणारा ध्वनी, अधिक काळ टिकतो. सभागृह भरल्यावर श्रोत्यांची शरीरे व कपडे ध्वनी शोषून घेतात व निनाद घटतो. त्यामुळे तालमीच्या वेळी योग्य वाटणारी उंची प्रत्यक्ष कार्यक्रमात योग्य ठरेलच असे नाही. सभा सुरू झाल्यावर टांगणी खाली-वर करता येत नसल्याने हा फरक आधीच जमेस धरावा लागतो. मुद्रकाच्या अनुभवाची खरी कसोटी येथेच लागते.