कृत्रिम कूर्चा : यंत्राची कसोटी आणि काळाची कसोटी

"गुडघ्यातील गादी झिजली आहे" हे निदान हल्ली पुष्कळदा रुग्णच वैद्याला ऐकवतो आणि पाठोपाठ विचारतो, "अशी कृत्रिम गादी बसवता येते म्हणे, खरे का?" मंगळवार पेठेत व्यवसाय करताना हा प्रश्न दोन निरनिराळ्या वयोगटांतून येतो. एक, तालमीच्या संघातून फुटबॉल खेळताना अथवा आखाड्यात गुडघा दुखावलेला विशीतील तरुण. दुसरा, साठी उलटलेला संधिगत वाताचा रुग्ण. दोघांना एकच उत्तर देता येत नाही. शिवाय ही शस्त्रक्रिया आपल्या अधिकारातील नसली, तरी तिच्याविषयी सल्ला प्रथम आपल्याकडेच मागितला जातो. म्हणून कूर्चेच्या जागी बसवावयाच्या कृत्रिम द्रव्यांची परीक्षा कशी होते आणि त्या परीक्षेचा अर्थ किती घ्यावा, याचा येथे विचार केला आहे.

कूर्चेचे कार्य

श्लेष्मधरा कलेचे वर्णन करताना सुश्रुताचार्यांनी वंगण घातलेल्या आसावर सुलभ फिरणाऱ्या चाकाचा दृष्टांत दिला आहे. आधुनिक मापनांतूनही सांध्याचे हेच वैशिष्ट्य समोर येते. गुडघ्यातील कूर्चा सर्वसाधारणपणे २ ते ४ मिलिमीटर जाड असते व तिच्या वजनाचा ६५ ते ८० टक्के भाग पाणी असते. कोलॅजन तंतूंच्या जाळ्यात हे पाणी धरून ठेवलेले असते. भार पडताच पाण्याचा दाब वाढतो आणि बराचसा भार ते पाणीच पेलते. भार उतरला की कूर्चा पुन्हा पाणी शोषून घेते. साध्या चालण्यातही गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार येतो.

प्रौढ वयातील कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात व तिचे पोषण मुख्यतः संधिद्रवातून होते. त्यामुळे एकदा पडलेली खोक ती स्वतःहून पूर्ववत भरून काढू शकत नाही. कृत्रिम द्रव्याचा विचार सुरू होतो तो येथून.

परीक्षेच्या पायऱ्या

पहिली परीक्षा दाबाची. द्रव्य किती दबते, किती वेळात पूर्ववत होते, हे मोजले जाते. ते फार कठीण असेल तर समोरच्या निरोगी कूर्चेला घासून खराब करते. फार मऊ असेल तर दबून खाली जाते आणि सर्व भार खोकेच्या कडांवर येतो.

दुसरी परीक्षा झिजेची. सांध्याच्या हालचालींची नक्कल करणाऱ्या यंत्रात द्रव्य सतत चालवले जाते. संपूर्ण गुडघेरोपणाच्या परीक्षेत साधारण ५० लाख आवर्तने करण्याचा प्रघात आहे. १० लाख आवर्तने म्हणजे सामान्य माणसाचे सुमारे एक वर्षाचे चालणे, असा ढोबळ हिशेब धरला जातो. सेकंदाला एक आवर्तन धरले, तरी ५० लाखांसाठी यंत्र अखंड ५८ दिवस चालवावे लागते. संधिद्रवाऐवजी यंत्रात वासराच्या रक्तातील पातळ केलेला सीरम वापरतात, कारण नुसत्या पाण्यात झिजेचे स्वरूप बदलते. शिरोली वा गोकुळ शिरगावच्या कारखानदाराला हे तत्त्व समजावून सांगावे लागत नाही. बेअरिंग नवे असताना किती गुळगुळीत आहे, यापेक्षा ते किती तास चालल्यावर कसे आहे, हे तो पाहतो.

तिसरी परीक्षा जैविक सुसंगतीची. आयएसओ १०९९३ या मानकमालेनुसार द्रव्याची पेशींवरील विषबाधा, अतिसंवेदनशीलता, जनुकांवरील परिणाम व ऊतींमध्ये ठेवल्यावर होणारी प्रतिक्रिया तपासली जाते. चौथी परीक्षा प्राण्यांवरील. सशाची कूर्चा फार पातळ असते आणि तिची खोक माणसापेक्षा सहज भरते, म्हणून शेळी, मेंढी, घोडा अशा मोठ्या प्राण्यांतील निरीक्षणे अधिक महत्त्वाची ठरतात. या सर्वांनंतर मानवी रुग्णांवरील तुलनात्मक चाचणी येते.

तीन धडे

इंग्लंडमधील शल्यचिकित्सक जॉन चार्नली यांनी १९५८ च्या सुमारास खुब्याच्या सांध्यात टेफ्लॉन वापरले. हे द्रव्य अतिशय निसरडे असल्याने निवड निर्दोष वाटत होती. परंतु काही वर्षांतच टेफ्लॉन झिजले, त्याच्या कणांमुळे सभोवतालच्या ऊतींत दाह व गाठी निर्माण झाल्या आणि अनेक रुग्णांवर पुन्हा शस्त्रक्रिया कराव्या लागल्या. १९६२ मध्ये त्यांचे सहकारी हॅरी क्रेव्हन यांनी पॉलिथिलीनचा नमुना झीज-यंत्रावर लावला. टेफ्लॉन एका दिवसात जितके झिजत असे, तितके हे द्रव्य तीन आठवड्यांतही झिजले नाही. निसरडेपणा व टिकाऊपणा हे दोन वेगळे गुण आहेत, हा पहिला धडा.

दुसरा धडा आपल्या महाराष्ट्रालाही ठाऊक आहे. डीप्यू कंपनीचा एएसआर हा धातूवर धातू घासणारा खुब्याचा सांधा ऑगस्ट २०१० मध्ये जगभरातून परत मागवण्यात आला. इंग्लंड व वेल्सच्या सांधेरोपण नोंदवहीत पाच वर्षांत सुमारे १२ ते १३ टक्के रुग्णांना पुनर्शस्त्रक्रिया लागल्याचे दिसले होते. भारतात अशा सुमारे ४,७०० शस्त्रक्रिया झाल्या होत्या. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने २०११ मध्ये मुंबईत पोलिसांकडे तक्रार नोंदवली. केंद्र शासनाने नुकसानभरपाईचे सूत्र ठरवले ते २०१८ मध्ये. यंत्रातील सांधा ठरलेल्या कोनात बसवलेला असतो. रुग्णाच्या शरीरात तो थोडा तिरका बसला की कडेवर भार येतो व झीज वाढते.

तिसरा धडा थेट कृत्रिम कूर्चेचा आणि अगदी अलीकडचा आहे. पॉलिव्हिनाइल अल्कोहोल या द्रव्याच्या पाणीयुक्त जेलपासून बनवलेल्या 'कार्टिव्हा' या गुट्टीला अमेरिकेत २०१६ मध्ये पायाच्या अंगठ्याच्या मूळ सांध्यासाठी मान्यता मिळाली. २०२ रुग्णांच्या चाचणीत दोन वर्षांपर्यंतचे निष्कर्ष सांधा जखडून टाकणाऱ्या रूढ शस्त्रक्रियेच्या तोडीचे आढळले होते. तथापि पुढील काळात गुट्टी हाडात रुतणे, सरकणे, तुटणे व काढून टाकावी लागणे हे प्रकार अपेक्षेपेक्षा अधिक आढळल्याने ऑक्टोबर २०२४ मध्ये ती परत मागवण्यात आली. द्रव्य शरीराला सोसले, तरी ते खालच्या हाडाशी एकजीव होऊन जागेवर टिकेल असे नाही. दोन वर्षांचे उत्तर हे दहा वर्षांचे उत्तर नव्हे.

भारतातील स्थिती

वैद्यकीय उपकरण नियम २०१७ हे १ जानेवारी २०१८ पासून लागू झाले. त्यांत धोक्यानुसार 'अ' ते 'ड' असे चार वर्ग असून वरच्या दोन वर्गांतील उपकरणांच्या निर्मितीचे परवाने केंद्रीय प्राधिकरण देते. उपकरणांच्या दुष्परिणामांची नोंद घेणारा राष्ट्रीय कार्यक्रम २०१५ पासून गाझियाबादच्या भारतीय औषधकोश आयोगामार्फत चालतो. रुग्णाच्या स्वतःच्या कूर्चापेशी वाढवून पुन्हा बसवण्याच्या 'कार्टिग्रो' या उपचाराला भारतात २०१७ मध्ये मान्यता मिळाली. मात्र तो पेशी-उपचार आहे, कृत्रिम द्रव्य नव्हे. रुग्णाला हा भेद स्पष्ट करून सांगावा.

वैद्यांनी काय सांगावे

१. गुट्टी अथवा पेशी-उपचार हे बहुतांशी मर्यादित खोकेसाठी असतात. दुखापत झालेल्या तरुण खेळाडूने अस्थिशल्यतज्ज्ञाचे मत अवश्य घ्यावे. संपूर्ण सांधा झिजलेल्या वृद्धाला 'नवी गादी' मिळेल, अशी आशा दाखवू नये.

२. रुग्णाने शल्यतज्ज्ञाला तीन प्रश्न विचारावेत : या उपचाराची तुलना कोणत्या उपचाराशी झाली? रुग्णांचा पाठपुरावा किती वर्षे झाला? किती जणांना पुन्हा शस्त्रक्रिया लागली?

३. इम्प्लांट बसवलेल्या सांध्यावर अग्निकर्म, विद्धकर्म वा जलौकावचरण करू नये. जळूच्या आतड्यात एरोमोनास हे जीवाणू असतात आणि इम्प्लांटभोवतीचा जंतुसंसर्ग बरा करणे अत्यंत कठीण असते. अभ्यंग, स्वेदन व जानुबस्तीही शल्यतज्ज्ञाच्या संमतीनंतरच योजावेत.

औषधनिर्मात्यांसाठी

प्रवाळाच्या सांगाड्यापासून बनवलेल्या एका इम्प्लांटला अमेरिकेत २०२२ मध्ये गुडघ्यासाठी मान्यता मिळाली. याचा आधार घेऊन प्रवाळभस्माची जाहिरात करण्याचा मोह टाळावा. ते द्रव्य दगडी प्रवाळातील अॅरॅगोनाइट असून शस्त्रक्रियेने हाडात बसवले जाते. आपला प्रवाळ लाल, मुख्यतः कॅल्साइटचा आणि भस्म पोटात घेण्याचे. दोन्ही कॅल्शियम कार्बोनेट असले, तरी एकाचे प्रमाण दुसऱ्यास लागू होत नाही.

'गादी पुन्हा तयार होते' हे विधानही असेच तपासावे. क्ष-किरण चित्रात कूर्चा दिसत नाही; दिसते ते दोन हाडांमधील अंतर. गुडघा किती वाकवला आहे आणि रुग्ण उभा आहे की आडवा, यावर ते अंतर बदलते. म्हणून उपचारापूर्वीचे व नंतरचे चित्र एकाच स्थितीत, उभे राहून काढलेले असावे. वेदना, चालण्याचे अंतर व जिना चढण्याची क्षमता यांची नोंद ठरावीक कालांतराने ठेवावी आणि गुण न आलेल्या रुग्णांचीही संख्या लिहावी. गुग्गुळकल्प व बस्ती यांनी वेदना कमी होऊन हालचाल सुधारली, तर तेवढेच सांगणे शास्त्राला कमीपणा आणणारे नाही. कृत्रिम कूर्चेला आपण जे तीन प्रश्न विचारतो, ते आपल्या कल्पांनाही लागू आहेत. त्यांची उत्तरे आपल्या नोंदवहीतून देता आली, तर रुग्णाचा आणि शल्यतज्ज्ञाचाही आपल्या शब्दावर विश्वास बसेल.