जैसे थे करार : हैदराबादच्या वाटाघाटींचे एक वर्ष

मनमाडहून हैदराबादकडे जाणारी निजाम सरकारच्या रेल्वेची लहान रुळांची गाडी नगरसूल मागे टाकून रोटेगावाच्या बाजूस आली, की उतारूंच्या दृष्टीने केवळ जिल्हा बदलत नसे, राज्यच बदलत असे. मुंबई इलाख्यातील नाशिक जिल्हा संपून हैदराबाद संस्थानचा औरंगाबाद जिल्हा सुरू होई. सरहद्दीवर करोडगिरीचे नाके असत. करोडगिरी म्हणजे संस्थानचे जकात खाते. मालाच्या गाठोड्यांवर तेथे कर भरावा लागे. पोस्टाची तिकिटे निराळी आणि नाणेही निराळे. ब्रिटिश हिंदुस्थानातील रुपयास लोक ‘कलदार’ म्हणत आणि निजामाच्या रुपयास ‘हाली’. सात हाली म्हणजे सहा कलदार, असा हा हिशेब होता. शंभर कलदार रुपयांचे हाली करावयाचे तर एकशे सोळा रुपये दहा आणे आठ पै मोजावे लागत. आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, म्हणजे त्या वेळच्या औरंगाबादच्या, व्यापाऱ्याचा माल मुंबईच्या बाजारात जाई आणि त्याचा राजा हैदराबादेत राही. त्यामुळे दोन राज्यांतील संबंध बिघडणे म्हणजे काय, हे राजधानीपेक्षा ह्या सरहद्दीच्या जिल्ह्यात आधी कळत असे.

१९४७ साली हे संबंध नव्याने ठरविण्याचा प्रसंग आला. इंग्रज सरकारचा संस्थानांवर जो अंतिम अधिकार होता, ज्यास ‘अधिसत्ता’ असा शब्द पुढे रूढ झाला, तो १५ ऑगस्ट १९४७ रोजी संपुष्टात येणार होता. तो नव्या सरकारकडे वर्ग होणार नव्हता, नुसता संपणार होता. ह्या कायद्यातील फटीवर निजाम मीर उस्मान अली खान ह्यांनी आपले सारे धोरण उभारले. जून १९४७ मध्ये फर्मान काढून त्यांनी जाहीर केले, की हैदराबाद दोहोंपैकी कोणत्याही घटना समितीत प्रतिनिधी पाठविणार नाही, आणि अधिसत्ता गेल्यावर संस्थान स्वतंत्र होईल. सुमारे ब्याऐंशी हजार चौरस मैलांचा मुलूख, एक कोटी साठ लाखांवर प्रजा, तीत बहुसंख्य हिंदू, भाषा मराठी, तेलुगू, कानडी व उर्दू, आणि चारही बाजूंनी भारताचा वेढा, अशी ह्या राज्याची स्थिती होती. समुद्रकिनारा नाही म्हणून मार्मागोवा बंदर पोर्तुगीजांकडून मिळविण्याच्याही हालचाली झाल्या. एवढ्यावरून, हे स्वातंत्र्य कोणत्या जातीचे होते ह्याची कल्पना यावी.

निजामांची मागणी थोडक्यात अशी होती : सामीलनाम्यावर सही करावयाची नाही, परंतु रेल्वे, टपाल, व्यापार व संरक्षण ह्यांविषयी बरोबरीच्या नात्याने तह करावयाचा. मोठ्या संघाचे सदस्यत्व नको, पण त्याची बाजारपेठ, रस्ते आणि बंदरे पूर्वीप्रमाणे उपलब्ध असावीत, ही इच्छा इतिहासात एकट्या हैदराबादची नाही. ब्रिटनने २३ जून २०१६ च्या सार्वमतात शेकडा ५२ विरुद्ध ४८ मतांनी युरोपीय संघातून बाहेर पडण्याचे ठरविले, तेव्हा त्या देशापुढेही हाच पेच होता. एक राज्य संघात शिरावयास तयार नव्हते, दुसरे संघातून निघत होते. दिशा उलट, अडचण मात्र एकच. आयर्लंडच्या बेटावर उत्तर भाग ब्रिटनकडे आणि उरलेला देश युरोपीय संघात. मग त्या दोहोंमधल्या सरहद्दीवर जकातीचे नाके बसवावयाचे की नाही, ह्या एका प्रश्नावर लंडनमधील सरकार वर्षानुवर्षे अडखळत राहिले. करोडगिरीचा नाका पाहिलेल्या पिढीस हा वाद समजावून सांगण्याची गरज पडली नसती.

दिल्लीतील बोलणी जुलै १९४७ मध्ये सुरू झाली. निजामांच्या बाजूने कार्यकारी मंडळाचे अध्यक्ष छतारीचे नवाब, घटनाविषयक सल्लागार सर वॉल्टर मॉंक्टन, सर सुलतान अहमद आणि नवाब अली यावर जंग अशी जाणती माणसे होती. हे मॉंक्टनसाहेब म्हणजे १९३६ साली आठव्या एडवर्डच्या राज्यत्यागाच्या वेळी त्या राजाचे सल्लागार असलेले नामांकित वकील. राजांस अडचणीतून सोडविण्याचा त्यांना अनुभव होता. समोर गव्हर्नर जनरल लॉर्ड माउंटबॅटन, संस्थान खात्याचे मंत्री सरदार वल्लभभाई पटेल आणि सचिव व्ही. पी. मेनन होते. १५ ऑगस्टपूर्वी निर्णय झाला नाही, म्हणून हैदराबादला दोन महिन्यांची मुदत देण्यात आली. ती सरत आली असता ‘जैसे थे’ कराराचा एक मसुदा सिद्ध झाला. सामीलनाम्याचा प्रश्न एक वर्ष बाजूस ठेवावयाचा आणि तोवर जुनी व्यवस्था चालू ठेवावयाची, असा त्याचा आशय होता. २५ ऑक्टोबरला निजामांच्या कार्यकारी मंडळाने सहा विरुद्ध तीन मतांनी तो मान्य केला. निजामांनीही संमती दर्शविली, मात्र सही पुढे ढकलली.

आणि येथेच ह्या सर्व प्रकरणाचा मर्मभाग येतो. २७ ऑक्टोबरच्या पहाटे, शिष्टमंडळ दिल्लीस निघण्याच्या बेतात असताना, मजलिसे इत्तेहादुल मुसलमीन ह्या संघटनेच्या हजारो लोकांच्या जमावाने छतारी, मॉंक्टन आणि सुलतान अहमद ह्यांच्या बंगल्यांस वेढा घातला. राज्याचे मुख्य मंत्री आपल्याच राजधानीत आपल्याच घरात कोंडले गेले आणि पोलिसांनी जमाव हटविला नाही. अखेर फौजेने त्यांना सुरक्षित जागी हलविले. इत्तेहादचा पुढारी कासिम रझवी हा लातूरचा वकील, म्हणजे मराठवाड्यातलीच असामी. निजामांनी त्यास बोलावून घेतले, तेव्हा त्याने सांगितले, की भारत काश्मीरच्या प्रश्नात गुंतला आहे, आता ताणून धरले तर याहून चांगल्या अटी मिळतील. निजामांनी हे मानले. छतारी, मॉंक्टन व सुलतान अहमद ह्यांनी राजीनामे दिले.

नवे शिष्टमंडळ इत्तेहादच्या पसंतीचे होते. मोईन नवाज जंग त्याचे प्रमुख. ते नव्या मागण्या घेऊन दिल्लीस गेले. सरदार पटेल व माउंटबॅटन मुख्य मसुदा बदलण्यास तयार झाले नाहीत. शेवटी २९ नोव्हेंबर १९४७ रोजी जो करार झाला, तो तत्त्वतः तोच होता, जो एक महिन्यापूर्वी निजामांच्या मेजावर सहीसाठी पडून होता. महिन्याभरात हैदराबादने मिळविले काहीच नाही. गमावले मात्र पुष्कळ : तडजोड करू शकणारी माणसे. ह्याच सुमारास मीर लायक अली पंतप्रधान झाले आणि त्यानंतर निजामांचे सरकार व इत्तेहाद ह्यांतील रेघ पुसट होत गेली.

ब्रिटनमध्येही पंतप्रधान थेरेसा मे ह्यांना युरोपीय संघाने दिलेल्या त्रासापेक्षा स्वपक्षाने दिलेला त्रास मोठा होता. १५ जानेवारी २०१९ रोजी त्यांनी केलेला करार संसदेने ४३२ विरुद्ध २०२ मतांनी फेटाळला, पुढे मार्चमध्ये आणखी दोनदा फेटाळला, आणि मे ह्यांना पद सोडावे लागले. परंतु तेथे विरोध मतांनी मोजला गेला. हरणाऱ्यास आपण किती मतांनी हरलो हे कळत होते. हैदराबादेत जबाबदार राज्यपद्धती नव्हती. ज्या प्रजेचे भवितव्य ठरावयाचे होते तिला मत नव्हते, आणि ज्यांना बंगल्यांस वेढा घालता येत होता त्यांचे मत आपोआप निर्णायक ठरले. जो दरबार प्रजेच्या सभेस भ्याला, त्यास पुढे जमावास भ्यावे लागले.

कराराची कलमे अवघी पाच होती. १५ ऑगस्टपूर्वी इंग्रज सरकार व निजाम ह्यांच्यामध्ये परराष्ट्र व्यवहार, संरक्षण, दळणवळण आदी समान विषयांत जी व्यवस्था होती ती भारत व निजाम ह्यांच्यामध्ये चालू राहावी. दोहोंनी एकमेकांकडे प्रतिनिधी नेमावेत. अधिसत्तेचे कोणतेही अधिकार भारताकडे येऊ नयेत. तंटा लवादाकडे जावा. मुदत एक वर्ष. युद्धकाळ सोडून भारतीय फौज संस्थानात ठेवावयाची नाही, असेही ठरले. भारताचे प्रतिनिधी म्हणून कन्हैयालाल मुनशी जानेवारी १९४८ मध्ये हैदराबादेत दाखल झाले.

अशा कराराचा गुण तोच त्याचा दोष असतो. मूळ प्रश्न न सोडविता वेळ मिळतो, आणि त्या वेळाचे काय करावयाचे हे जो तो आपल्या मनाने ठरवितो. ब्रिटन ३१ जानेवारी २०२० रोजी संघाबाहेर पडल्यावर वर्षअखेरपर्यंत जुनेच नियम चालू ठेवले गेले. तोही एक जैसे थे करारच. पण तेथे ते अकरा महिने व्यापाराचा तह लिहिण्यात गेले. हैदराबादच्या वाट्यास आलेले महिने एकमेकांवर करारभंगाचे आरोप करण्यात गेले. दिल्लीच्या दृष्टीने तो सामिलीकरणाकडे जाणारा पूल होता, तर लायक अलींच्या दृष्टीने स्वातंत्र्याची तयारी करण्याची सवड. निजाम सरकारने संस्थानात कलदार चलनाच्या व्यवहारास बंदी केली, मौल्यवान धातू बाहेर नेण्यास मनाई केली, आणि भारत सरकारच्या रोख्यांच्या रूपाने पाकिस्तानला वीस कोटी रुपयांचे कर्ज दिल्याचे उघडकीस आले. उलट भारताने मालाची आवक रोखून आर्थिक नाकेबंदी चालविली आहे, अशी हैदराबादची तक्रार होती, आणि तीत तथ्य नव्हते असे म्हणता येत नाही. सिडनी कॉटन नावाचा वैमानिक रात्रीच्या विमानांनी शस्त्रे आणून उतरवीत होता.

मराठवाड्यास ह्या वादाची झळ लागली ती खेड्यांत. हैदराबाद स्टेट काँग्रेसने ७ ऑगस्ट १९४७ रोजीच भारतात सामील होण्याची चळवळ पुकारली होती. १५ ऑगस्टला स्वामी रामानंद तीर्थ ह्यांना अटक झाली. करारानंतर त्यांची सुटका झाली आणि जानेवारी १९४८ मध्ये पुन्हा अटक झाली. रझाकारांच्या तुकड्या गावे लुटू लागल्या, तेव्हा सरहद्दीवरील कुटुंबे नाशिक, नगर, खानदेश, सोलापूर, वऱ्हाड अशा शेजारच्या जिल्ह्यांत निघून गेली. सरहद्दीच्या अलीकडे कार्यकर्त्यांचे तळ पडले. औरंगाबादचे गोविंदभाई श्रॉफ हे ह्या लढ्याच्या सूत्रधारांपैकी एक. सशस्त्र तुकड्यांनी हल्ले केले ते मुख्यतः करोडगिरीच्या नाक्यांवर आणि पोलीस ठाण्यांवर. निवड साहजिक होती. रयतेस राज्य दिसे ते ह्याच दोन ठिकाणी.

जून १९४८ मध्ये माउंटबॅटन ह्यांनी जाण्यापूर्वी अखेरचा प्रयत्न केला. ह्या मसुद्यात भारताने बऱ्याच सवलती दिल्या होत्या. सामिलीकरणाचा प्रश्न सार्वमतावर सोपवावा, तोपर्यंत निजामांनी जबाबदार सरकार स्थापावे व रझाकारांस आवर घालावा, असा त्याचा रोख होता. सरदार पटेलांस तो फारसा रुचला नव्हता. त्याहून चांगल्या अटी हैदराबादला मिळणे शक्य नव्हते हे आज सहज दिसते. निजामांनी तोही नाकारला. २१ जूनला माउंटबॅटन मायदेशी निघून गेले. ऑगस्टमध्ये ‘इमरोज’ ह्या उर्दू पत्राचे तरुण संपादक शोएबुल्लाखान ह्यांचा हैदराबादेत खून झाला. स्वतः मुसलमान असून त्यांनी रझाकारांवर टीका केली होती आणि भारतात सामील होण्याचा पुरस्कार केला होता. त्याच महिन्यात निजाम सरकारने संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीकडे तक्रार नेली.

समितीपुढे ती तक्रार प्रथम आली १६ सप्टेंबर १९४८ रोजी, पॅरिस येथे. तोवर भारतीय फौजा संस्थानात शिरून चौथा दिवस उजाडला होता. १३ तारखेस त्या निघाल्या आणि दुसऱ्याच दिवशी औरंगाबादच्या मुलकी अधिकाऱ्यांनी मेजर जनरल ब्रार ह्यांच्या सैन्यापुढे शरणागती पत्करली. १७ सप्टेंबरला निजामांनी रेडिओवरून युद्धबंदी जाहीर केली. एक वर्षाचा करार दहा महिनेही पुरला नाही.

ह्या विजयाच्या कथेत एक पान बहुधा वाचले जात नाही. रझाकारांच्या अत्याचारांनंतर आता सूड सुरू झाला आणि तो ज्यांचा कशाशीही संबंध नव्हता अशा मुसलमान कुटुंबांवरही उगविला गेला. केंद्र सरकारने पंडित सुंदरलाल ह्यांच्या नेतृत्वाखाली एक मंडळ पाठविले. त्याने मृतांचा अंदाज सत्तावीस ते चाळीस हजार असा दिला. सर्वांत अधिक हानी उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर व नांदेड ह्या जिल्ह्यांत झाल्याचे नोंदविले, आणि त्यांच्या खालोखालच्या जिल्ह्यांत औरंगाबाद व बीड ह्यांची नावे घातली. तो अहवाल कित्येक दशके प्रसिद्ध झाला नाही. ऑक्टोबर १९४७ च्या त्या पहाटे सही होऊन शिष्टमंडळ सुखरूप दिल्लीस पोहोचले असते, तर हे सर्व टळले असते असे खात्रीने कोण सांगणार? परंतु दोन्ही बाजूंच्या पुष्कळ माणसांचे मरण त्या वाया गेलेल्या महिन्यांत शिजले, एवढे निश्चित.

निजाम स्वतः मात्र सुखरूप राहिले. २६ जानेवारी १९५० पासून ते भारतीय संघराज्यातील हैदराबाद राज्याचे राजप्रमुख झाले आणि १९५६ पर्यंत त्या पदावर होते. त्या वर्षी १ नोव्हेंबरला मराठवाड्याचे पाच जिल्हे मुंबई राज्यात गेले. हाली रुपया काढणे १९५१ साली बंद झाले, तरी तो कायद्याने पुरता रद्द झाला तो १९५९ मध्ये. तोपर्यंत सहाला सात हा जुना हिशेब औरंगाबादच्या दुकानांतून चालतच होता.