जमिनीलगतचा पहारेकरी

मंडळी, आज एका पहारेकऱ्याची ओळख करून द्यायची आहे. हा दारात उभा राहत नाही. घरात, जमिनीपासून वीत-दीड वीत उंचीवर, भिंतीला चिकटून बसतो. त्याच्या हाती काठी नाही, त्याला डोळे नाहीत. आहे ते केवळ नाक. नको तो वास लागला की तो कर्कश ओरडतो. त्याचे नाव गॅस-डिटेक्टर.

माझी-त्याची गाठ पडली अमेरिकेत, एका चाकांवरच्या घरात. २०२३ सालच्या उन्हाळी सुटीत आईला घेऊन मी ओहायो राज्यात धाकट्या भावाकडे गेलो होतो. त्याने नुकतेच एक जुने मोटारघर विकत घेतले होते. मोटारघर म्हणजे आपल्या एस.टी.च्या बसमध्ये बिऱ्हाड थाटावे तसा प्रकार. पुढे ड्रायव्हरची जागा. मागे स्वयंपाकाचा ओटा, झोपायचे बाक, न्हाणी, सगळे काही. हे मोटारघर होते १९९४ सालचे. लाकूड थोडे फुगलेले, पण चाके आणि यंत्र ठणठणीत. त्यातून आईला आठ दिवस हिंडवून आणायचे, असा धाकट्याचा बेत होता.

अशा घरात चूल कशावर चालते? गॅसवर. बाहेरच्या बाजूला प्रोपेन नावाच्या गॅसची टाकी असते. नुसती शेगडीच नव्हे, तर अंघोळीचे पाणी तापवणारा बंब, थंडीतली हवा उबदार करणारी भट्टी, इतकेच काय, फ्रीजसुद्धा त्याच गॅसच्या छोट्या ज्योतीवर चालू शकतो. म्हणजे एवढ्याशा खोक्यात गॅसच्या चार-चार वाटा आणि जागोजागी सांधे. आणि हे घर रस्त्यावरून हिसके खात धावणार! आपल्या घरातली गॅसची नळी जागची हलत नाही. इथे प्रत्येक खड्ड्याला प्रत्येक नट थोडा हादरतो.

म्हणून अशा घरांत गॅस-डिटेक्टर बसवण्याचा तिकडे नियम आहे. या घरातही एक होता. ओट्याखाली भिंतीत बसवलेला, पिवळा पडलेला डबा. धाकट्याने तो खुशीने दाखवला. मी सहज विचारले, "अरे, याचा दिवा का लागत नाही?" डबा काढून पाहिला, तो मागच्या बाजूला २००९ सालचा शिक्का, आणि दोन्ही वायरी कापून टोकांना चिकटपट्टी गुंडाळलेली. आधीचा मालक त्याच्या ओरडण्याला कंटाळला असावा. पहारेकरी गादीवर होता, पण गळा दाबून ठेवलेला.

आता आमची खरी काळजी सांगतो. २०२१ साली आईला करोना झाला. ती बरी झाली, पण तिचे नाक गेले ते परत आले नाही. देवापुढची उदबत्ती पेटलेली आहे की विझली, हे तिला धूर पाहून कळते. आणि तिच्यासाठी धाकट्याने नेमका खालचा, जमिनीलगतचा बाक ठरवला होता. चढायला नको म्हणून.

खालचा बाक म्हटल्यावर काळजी का, ते थोडे समजून घेऊ. माझा विषय भूगोल, म्हणून भूगोलातलाच दाखला देतो. हिवाळ्यात पहाटे थंड हवा डोंगरावरून ओघळून दरीत साचते, धुके खाली भरून राहते, हे तुम्ही पाहिलेच आहे. कारण जड हवा खाली उतरते. प्रोपेन गॅस साध्या हवेच्या सुमारे दीडपट जड आहे. तो गळू लागला की पाण्यासारखा जमिनीवर पसरतो, कोपऱ्यात साचतो. आपल्या स्वयंपाकघरातल्या सिलिंडरमध्ये प्रोपेन आणि ब्युटेन यांचे मिश्रण असते. ब्युटेन तर हवेच्या दुप्पट जड. म्हणजे उभ्या माणसाचे नाक चार-पाच फुटांवर, आणि संकट त्याच्या पायाशी.

हवेत शंभर भागांत साधारण दोन भाग प्रोपेन मिसळला, की ठिणगी पडताच भडका उडू शकतो. हे प्रमाण साडेनऊ भागांच्या वर गेले तर जळायला हवा पुरत नाही. पण दारे उघडताच हवा मिसळते आणि प्रमाण पुन्हा धोक्यात येते. हिशेब करून पाहा. दहा फूट लांब, आठ फूट रुंद, नऊ फूट उंच असे आपले स्वयंपाकघर धरा. ते सारे धोक्यापर्यंत भरायला किलोभराच्या आतच गॅस पुरतो. पण गॅस जमिनीलगत फूटभर थरातच साचला तर? मग शंभर ग्रॅमच्या आसपास गॅस झाला तरी धोका उभा राहतो. आणि आपल्या घरगुती सिलिंडरमध्ये असतो १४.२ किलो.

तुम्ही म्हणाल, "पण गॅसला वास येतो ना!" येतो, पण तो त्याचा स्वतःचा नाही. प्रोपेनला जवळजवळ वासच नाही. गळती कळावी म्हणून त्यात मरकॅप्टन नावाचे उग्र वासाचे द्रव्य मुद्दाम मिसळतात. ही युक्ती फार मोठे मोल देऊन सर्वत्र रुजली. १८ मार्च १९३७ रोजी अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात न्यू लंडन या गावच्या शाळेत बिनवासाचा नैसर्गिक गॅस इमारतीखाली साचला आणि स्फोट झाला. सुमारे तीनशे माणसे गेली. त्यांत बहुतेक शाळेतली मुले. त्यानंतर टेक्सासात गॅसला वास देण्याचा कायदा झाला आणि ती रीत पुढे दूरवर पसरली. शिक्षकबंधूंनी आणि भगिनींनी हा प्रसंग वर्गात जरूर सांगावा. गॅसचा तो दुर्गंध म्हणजे त्या मुलांनी मागे ठेवलेला इशारा आहे.

पण नाक हा पहारेकरी झोपाळू आहे. गाढ झोपेत वास आपल्याला जागे करीलच असे नाही. सर्दी झाली, वय झाले, की नाक मंदावते. आणि सतत तोच वास येत राहिला तर निरोगी नाकसुद्धा सरावते. अत्तराच्या दुकानदाराला अत्तराचा वास येत नाही, तसेच. म्हणून न झोपणारे नाक हवे.

हे यांत्रिक नाक चालते कसे? भांड्यांना कल्हई करतात ते कथिल तुमच्या ओळखीचे आहे. त्या कथिलाच्या ऑक्साइडचा एक कण यंत्रात असतो आणि छोटी तार त्याला सारखी तापवत असते. हवेतला प्राणवायू या तापलेल्या कणावर चिकटतो आणि त्यातले विजेचे कण धरून ठेवतो. त्यामुळे त्यातून वीज अडखळत वाहते. जळणारा गॅस आला की तो चिकटलेल्या प्राणवायूशी संयोग पावतो, अडकलेले विजेचे कण मोकळे होतात आणि वीज सहज वाहू लागते. यंत्र हा फरक ओळखते आणि शिंग फुंकते. जपानच्या नाओयोशी तागुची यांनी १९६२ साली अशा नाकाचा शोध लावला. अमेरिकेतल्या मानकाप्रमाणे भडक्याला लागणाऱ्या प्रमाणाच्या चौथ्या हिश्शापर्यंत गॅस पोचण्याआधीच यंत्राने ओरडले पाहिजे. म्हणजे पळायला अवकाश मिळतो.

आम्ही नवे यंत्र आणले. बसवणे अवघड नव्हते, पण क्रम महत्त्वाचा. प्रथम टाकीची चावी बंद केली, दारे-खिडक्या उघडल्या. मग घराच्या बॅटरीची ऋण वायर सोडवली. जुन्या वायरींची कापलेली टोके सोलून, त्यांतली धन कोणती आणि ऋण कोणती ते आधी मापकाने तपासून घेतले होते. वायरीच्या रंगावर विसंबलो नाही, कारण तीस वर्षांत किती हात त्यांना लागले असतील कोण जाणे. यंत्र बारा व्होल्टचे. धन वायरीत फ्यूज घातला, सांधे पक्के दाबले. जागा जमिनीपासून चार ते वीस इंचांच्या आत, पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे. कपाटाच्या आत नाही, पडद्यामागे नाही, दाराच्या झोतातही नाही. मग बॅटरी जोडली. आतली तार तापेपर्यंत काही मिनिटे दिवा लुकलुकला, नंतर हिरवा झाला. बटण दाबताच यंत्र असे किंचाळले की आईने कानांवर हात ठेवले.

काम झाले म्हणून आम्ही टाकीची चावी उघडली, खिडक्या लावल्या आणि आत गप्पा मारीत बसलो. आई आपल्या बाकावर आडवी झाली. पाऊण तास झाला असेल, तोच यंत्र ओरडू लागले. धाकटा वैतागला. म्हणाला, "दादा, नवा डबाही तसलाच निघाला. मला तर कसलाच वास येत नाही." मलाही येत नव्हता. त्याचा हात वायरीकडे गेलासुद्धा! इतक्यात त्याची बायको चहाचे कप घेऊन बाहेरून आली आणि दारातच थबकली. "अहो, वास कसला येतोय इथे?"

पुढे कोणी काही बोलले नाही. धाकट्याने आईला हाताला धरून उठवले, आम्ही दार उघडे टाकून बाहेर पडलो, आणि बाहेरून टाकीची चावी बंद केली. दुसऱ्या दिवशी परवानाधारक कारागीर आला. त्याने सांध्यांना साबणाचे पाणी लावले. शेगडीमागच्या एका सांध्यावर बारीक बुडबुडे उठू लागले. नट सैल झाला होता. आधीच्या मालकाचा डबा बिघडला होता की खरेच सांगत होता, हे आता कोण सांगणार? पण ओरडणाऱ्याचे तोंड बंद करण्याआधी तो का ओरडतो ते पाहावे, एवढे आम्ही शिकलो.

अर्थात, हे यंत्र कधी उगाच ओरडतही नाही असे नाही. केसांवर मारायचा फवारा, स्पिरिट, ताजा रंग यांच्या वाफांनीही ते फसते. तरीसुद्धा आधी गळतीच समजून वागावे. त्याला आयुष्यही मर्यादित असते. साधारण पाच ते दहा वर्षे. नेमकी मुदत यंत्रावर किंवा पुस्तिकेत पाहावी आणि ती उलटली की यंत्र बदलावे. मुदत संपलेले यंत्र भिंतीवर असणे म्हणजे मनाची खोटी समजूत. आणि अर्धवट जळण्यातून निघणारा विषारी कार्बन मोनॉक्साइड या नाकाला कळत नाही. त्याचे यंत्र वेगळे, किंवा दोन्ही कामे करणारे घ्यावे लागते.

आता आपल्या घराकडे वळू. २०१६ साली उज्ज्वला योजना सुरू झाल्यानंतर खेड्यापाड्यांतल्या कितीतरी चुलींशेजारी सिलिंडर आला. धूर गेला, ही मोठी गोष्ट झाली. पण गॅसची शिस्त आपल्याला अजून अंगवळणी पाडायची आहे. घरगुती विजेवर चालणारी गॅस-डिटेक्टर यंत्रे आपल्याकडेही मिळतात. सिलिंडरच्या गॅससाठी ते खालीच बसवा. छताला लावलेले यंत्र उशिरा जागे होईल. यंत्र नसेल तरी रात्री निजताना रेग्युलेटर बंद करा, सिलिंडर उभाच ठेवा, नळीवरची मुदत पाहा. गळतीचा संशय आला तर काडी ओढू नका. विजेचे बटण लावू नका, आणि लावलेले बंदही करू नका, कारण ठिणगी दोन्ही वेळा पडते. रेग्युलेटर बंद करा, दारे उघडा, सगळे बाहेर या, आणि बाहेर आल्यावरच १९०६ या क्रमांकावर फोन करा.

शिक्षकांसाठी शेवटी एक छोटा प्रयोग. रुंद भांड्यात एक आखूड आणि एक उंच अशा दोन मेणबत्त्या पेटवा. तळाशी खाण्याचा सोडा पसरून कडेने हळूच लिंबाचा रस किंवा व्हिनेगर ओता. निघणारा कार्बन डायऑक्साइड वजनाने अगदी प्रोपेनइतकाच जड आहे, मात्र तो जळत नाही, म्हणून प्रयोग निर्धोक. आखूड मेणबत्ती आधी विझेल. मुलांना विचारा, "असे का झाले?" ज्या मुलाला याचे उत्तर कळेल, ते घरी जाऊन आईला सांगेल की सिलिंडरचे संकट पायाशी साचते.

आम्ही ती सहल केली. आई त्याच खालच्या बाकावर निजत असे, आणि तिच्या उशाशी तो हिरवा दिवा रात्रभर जागा असे. झोपण्यापूर्वी ती एकदा त्याच्याकडे पाही आणि म्हणे, "माझं नाक इथं ठेवलंय, आता निजायला हरकत नाही."