वाई ते सातारा: घाटमाथ्यावरची सायकलसफर

महाबळेश्वर, तापोळा, बामणोली आणि कासमार्गे वाईहून साताऱ्याला जाणारी वाट सायकलसफरीसाठी फार सुंदर आहे, आणि तितकीच दमवणारीही. वाई सुमारे ७०० मीटर उंचीवर, तर पाचगणी जवळपास १,३०० मीटरवर. मधला पसरणी घाट जोर लावून नव्हे, लय सांभाळून चढायचा असतो. पुढची लहान आणि मागची मोठी चकती वापरली की पेडल हलके फिरते आणि गुडघ्यांवर ताण येत नाही. सामान पाठीवर न घेता मागच्या कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना, शक्य तितके खाली बांधावे. वळणावर तोल त्यानेच राहतो.

महाबळेश्वरच्या दाट सदाहरित झाडीतून निघालेला रस्ता तापोळ्याला कोयनेच्या शिवसागर जलाशयापर्यंत उतरतो. खरी कसोटी या उतारावर लागते. ब्रेक सतत दाबून ठेवले तर रिम तापते. म्हणून वळणाआधी वेग कमी करावा, मग ब्रेक सोडावा. पावसाळ्यात शेवाळ आणि ओला पाचोळा यांवर चाक चटकन घसरते.

तापोळ्याहून बामणोलीला लाँचने जाता येते. पुढे पुन्हा चढ, आणि मग कासचे जांभ्या खडकाचे पठार. मातीचा थर इथे इतका पातळ की मोठी झाडे रुजत नाहीत. ऑगस्ट ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत मात्र तेरडा, सीतेची आसवे अशी इवली फुले सगळा खडक झाकून टाकतात. २०१२ पासून हे पठार पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात आहे. सायकल फुलांवर आडवी टाकू नये, रस्त्यालगतच ठेवावी. इथून सातारा सुमारे २५ किलोमीटर, बहुतेक उताराचा.